लोखंडाच्या खाणीत मक्याची खळ कशाला? सुरजागडच्या ‘टाकाऊ’ दगडामागचं गणित

जुलै २०२५ मध्ये गडचिरोलीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसांच्या हस्ते एका पाइपलाइनचं उद्घाटन झालं. एटापल्ली तालुक्यातल्या हेडरीपासून चामोर्शी तालुक्यातल्या कोनसरीपर्यंत, साधारण ८५ किलोमीटर. या पाइपमधून पाणी, तेल किंवा गॅस जात नाही. दळलेला दगड पाण्यात कालवून वाहत जातो. त्याच कार्यक्रमात कोनसरीला वर्षाला ४५ लाख टन पेलेट बनवणारा कारखानाही सुरू झाला. पेलेट म्हणजे लोखंडाच्या भुकटीच्या भाजलेल्या गोळ्या. त्याआधीच केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने याच भागात कमी प्रतीच्या लोहखनिजाच्या प्रक्रिया प्रकल्पासाठी ९०० हेक्टरपेक्षा जास्त जंगल वळवायला तत्त्वतः मंजुरी दिली होती, आणि एक लाखाहून जास्त झाडं तोडली जाणार ही बातमी सगळ्यांच्या मोबाईलवर फिरली.

मग नेहमीचं झालं. एका बाजूला ‘गडचिरोली देशाची स्टील सिटी’ असे रील्स, दुसऱ्या बाजूला कापलेल्या झाडांचे फोटो. दोन्ही बाजूंच्या पोस्ट मी वाचल्या. पण ‘प्रक्रिया प्रकल्प’ म्हणजे तिथे नेमकं काय करतात, हे कुठेच सापडलं नाही. आणि गंमत अशी की जंगल किती जाणार, पाणी किती लागणार, गाळाचा डोंगर किती मोठा होणार, या सगळ्याचा एक मोठा धागा त्या प्रक्रियेत आहे. त्यातही एका अगदी साध्या वाटणाऱ्या पदार्थात, जो आमच्या कळवणच्या मार्केट यार्डात दर खरिपाला ट्रॅक्टर भरभरून येतो. मका.

आधी दगड बघू

सुरजागडच्या डोंगरात दोन प्रकारचं लोहखनिज आहे. एक उच्च प्रतीचं हेमॅटाइट, ज्यात ६० टक्क्यांच्या वर लोह असतं. ते फोडा, चाळा आणि भट्टीत घाला. लॉइड्स मेटल्स कंपनीला इथे २००७ मध्ये सुमारे ३४८ हेक्टरचा खाणपट्टा मिळाला. काम सुरू व्हायला २०१६ उजाडलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नक्षलवाद्यांनी ७५ हून जास्त वाहनं जाळली. २०२१ पासून मात्र काम जोरात आहे. २०२३ मध्ये वर्षाला १ कोटी टनांची परवानगी मिळाली आणि २०२५ मध्ये ती २ कोटी ६० लाख टनांपर्यंत गेली.

दुसरा प्रकार म्हणजे बीएचक्यू, म्हणजेच बँडेड हेमॅटाइट क्वार्ट्झाइट. याचा तुकडा हातात घेतला तर एखाद्या पट्ट्यापट्ट्याच्या सतरंजीसारखा दिसतो. एक थर काळपट-लाल हेमॅटाइटचा, एक थर क्वार्ट्झचा म्हणजे गारेचा, परत हेमॅटाइट, परत गार. जगात जिथे जिथे मोठं लोहखनिज आहे तिथे हा पट्टेरी दगड सापडतो, आणि त्यातला बराचसा अडीचशे कोटी वर्षांच्या आसपासचा आहे. लोह साधारण ३० ते ४० टक्के. वर्षानुवर्षं खाणवाले याला टाकाऊ समजून बाजूला ढीग लावत आले.

आता का नाही? कारण चांगला माल संपत चाललाय आणि मागणी वाढतेय. २०१७ च्या राष्ट्रीय पोलाद धोरणात २०३०-३१ पर्यंत देशाची पोलादक्षमता ३० कोटी टनांवर न्यायचं लक्ष्य आहे. शिवाय नियमही आहेच. नागपुरात मुख्यालय असलेल्या इंडियन ब्युरो ऑफ माइन्सने ठरवून दिलंय की ४५ टक्क्यांपर्यंतचं हेमॅटाइट खनिज, आणि सिलिकायुक्त असेल तर ३५ टक्क्यांपर्यंतचंही, ‘कचरा’ म्हणून सोडून देता येत नाही. ते खनिजच धरायचं.

शुद्ध हेमॅटाइटमध्ये जवळपास ७० टक्के लोह असतं. म्हणजे ३५ टक्के लोहाचा बीएचक्यू घेतला तर त्यात ढोबळमानाने अर्धं हेमॅटाइट आणि अर्धी गार. गार भट्टीत गेली की ती वितळवायला जास्त कोळसा, जास्त चुनखडी आणि जास्त मळी. म्हणून भट्टीच्या आधीच ती काढायची. तेवढं केलं की झालं! पण हे पट्टे कधी सेंटीमीटरभर, कधी मिलिमीटरभर, आणि पट्ट्याच्या आतही दोघांचे कण एकमेकांत घुसलेले. त्यामुळे वेगळं करायचं तर दगड मैद्यासारखा दळावा लागतो. एका मिलिमीटरच्या दहाव्या-विसाव्या भागाएवढे कण. दळणाची ही वीजच या धंद्यातला सगळ्यात मोठा खर्च असतो.

दळल्यावर सोपे मार्ग आधी वापरतात. हेमॅटाइट गारेच्या जवळपास दुप्पट जड आहे, त्यामुळे पाण्याच्या प्रवाहात सुपात पाखडल्यासारखं वेगळं करता येतं. हेमॅटाइट चुंबकाला थोडंसं ओढलं जातं, गार अजिबात नाही, त्यामुळे अतिशय ताकदवान चुंबकही लावतात. पण कण जितके बारीक तितकं वजन आणि चुंबक दोन्ही लंगडे पडतात. ६० टक्क्यांपर्यंत कसंबसं येता येतं. ६५, ६७ च्या पुढे जायचं असेल, आणि गॅसवर किंवा उद्या हायड्रोजनवर चालणाऱ्या भट्ट्यांना तेवढंच शुद्ध लागतं, तर बारीक कणांसाठी जगभर एकच हुकमी पद्धत आहे. फेस. इंग्रजी नाव फ्रॉथ फ्लोटेशन.

अळूचं पान आणि साबणाचा फेस

अळूच्या पानावर पाणी टिकत नाही, मोती होऊन घरंगळतं. तांब्याच्या ताटलीवर मात्र पसरतं. दगडाच्या कणांचंही असंच. ज्याचा पृष्ठभाग अळूच्या पानासारखा, पाणी नकोसा, त्याला हवेचा बुडबुडा भेटला की तो त्याला चिकटतो आणि वर तरंगतो. ज्याला पाणी हवंसं वाटतं तो कण बुडबुड्याकडे बघतही नाही, तळाला जातो. मोठ्या टाकीत दळलेला दगड, पाणी आणि खालून हवा. वर आलेला फेस काठावरून ओतून काढायचा. एवढीच मूळ कल्पना.

अडचण अशी की गार आणि हेमॅटाइट दोघांनाही मुळात पाणी आवडतं. म्हणून त्यातल्या एकाला मुद्दाम ‘अळूचं पान’ बनवावं लागतं. त्यासाठी जे रसायन घालतात त्याला कलेक्टर म्हणतात (जिल्हाधिकाऱ्यांचा इथे संबंध नाही). लोहखनिजात बहुतेक ठिकाणी इथरअमाइन नावाचा कलेक्टर असतो. त्याच्या रेणूला एक धन प्रभाराचं डोकं आणि एक तेलकट शेपूट. गारेच्या कणावर पाण्यात ऋण प्रभार असतो, त्यामुळे डोकं कणाला चिकटतं आणि शेपूट बाहेर राहते. कण झाला अळूचं पान. तो फेसाबरोबर वर जातो आणि हेमॅटाइट खाली उरतं.

इथे लक्षात घ्या, आपण हवं ते उचलत नाही आहोत, नको ते उचलून फेकतोय. म्हणून याला उलटं फ्लोटेशन म्हणतात.

आता खरी मेख. हे सगळं काम पीएच १० ते १०.५ च्या आसपास, म्हणजे बऱ्यापैकी अल्कलीयुक्त पाण्यात चालतं. त्या पीएचला हेमॅटाइटवरही ऋण प्रभार आलेला असतो. अमाइनला दोघेही सारखेच. तो हेमॅटाइटवरही बसतो आणि त्यालाही फेसात घेऊन जातो. लोखंड गटारात!

म्हणून तिसरा खेळाडू लागतो, डिप्रेसंट. नाव उदास असलं तरी काम सोपं आहे. ज्याला वर जाऊ द्यायचं नाही त्याला खाली दाबून ठेवायचं. आणि ‘सिलेक्टिव्ह’ डिप्रेसंट म्हणजे फक्त हेमॅटाइटला दाबणारा, गारेला हात न लावणारा. शिसं-जस्ताच्या खाणींत या कामासाठी सायनाइडसारखी नावं ऐकायला मिळतात. लोखंडात मात्र हे काम करतो स्टार्च, आणि तोही बहुतेक ठिकाणी मक्याचा.

खळ चिकटते कशी

सुती साडीला, खादीच्या सदऱ्याला घरी खळ देतात तीच ही खळ. स्टार्चचा रेणू म्हणजे ग्लुकोजच्या हजारो मण्यांची माळ. मक्याच्या स्टार्चमध्ये साधारण पाव हिस्सा सरळ माळा, ज्यांना अमायलोज म्हणतात, आणि उरलेला फांद्या फुटलेल्या माळा, अमायलोपेक्टिन. प्रत्येक मण्यावर पाण्याला धरून ठेवणारे हायड्रॉक्सिल गट. हेमॅटाइटच्या पृष्ठभागावर लोहाच्या अणूंना चिकटलेले असेच हायड्रॉक्सिल गट असतात, त्यांच्याशी स्टार्चची गट्टी जमते. काही हायड्रोजन बंध आणि काही थेट लोहाशी रासायनिक जोड. गारेवर लोह नाही, त्यामुळे तिथे पकड ढिली. अमायलोपेक्टिनच्या फांद्या कणाभोवती जाड, पाणीदार शाल पांघरतात. अमाइनचा एखादा रेणू तिथे पोचला तरी त्याची शेपूट त्या शालीत बुडून जाते. कण पाण्यातच राहतो.

पण पोतं फाडून मक्याचं पीठ टाकीत ओतलं तर काहीही होणार नाही. कच्च्या स्टार्चचे दाणे घट्ट मिटलेले असतात. उन्हाळ्यात घरी कुरडयांचा चीक शिजवताना बघितलं असेल, पांढरा पातळ चीक एका क्षणी एकदम घट्ट आणि पारदर्शक व्हायला लागतो. त्यावेळी दाणे फुटतात आणि माळा मोकळ्या होतात. कारखान्यात हेच काम कॉस्टिक सोडा घालून, फारसं न तापवता करतात. पापडखार घातल्यावर पीठ कसं वेगळं वागतं ते आठवा, कॉस्टिक हा त्याचा कितीतरी पट जहाल मोठा भाऊ. शिवाय तोच सोडा पाण्याचा पीएचही वर नेतो. एका दगडात दोन पक्षी.

आणि एक खास मक्याची अडचण. दाण्याच्या कोंबात तेल असतं. ते स्टार्चबरोबर गेलं तर फेसच मोडतो, डाळीच्या कुकरमध्ये तेलाचा थेंब टाकल्यावर फेस बसतो तसा. म्हणून कोंब काढलेला मकाच चालतो. ब्राझीलमध्ये तर अगदी शुद्ध स्टार्चऐवजी कोंब काढलेल्या मक्याची कणी वापरून खर्च वाचवतात, आणि काही जण कसाव्याचा, म्हणजे ज्यापासून आपला साबुदाणा होतो त्या कंदाचा, स्टार्चही वापरतात.

स्पॅम फिल्टर आणि लोखंड

माझा रोजचा धंदा सॉफ्टवेअरचा, त्यामुळे मला हे सगळं स्पॅम फिल्टरसारखं दिसतं. मेलबॉक्समध्ये अर्धे मेल कामाचे, अर्धे स्पॅम. फिल्टर स्पॅम बाहेर काढतो. इनबॉक्समध्ये राहिलेल्यांपैकी खरोखर कामाचे किती, ही झाली शुद्धता. आणि एकूण कामाच्या मेलपैकी किती इनबॉक्समध्ये टिकले, ही झाली वसुली. फिल्टर कडक केला तर शुद्धता वाढते पण कामाचा मेलही स्पॅममध्ये जातो. खनिजवाले याच दोन आकड्यांना ग्रेड आणि रिकव्हरी म्हणतात. डिप्रेसंट म्हणजे आपली ‘हे मेल कधीच स्पॅममध्ये टाकू नको’ वाली यादी. यादी जितकी नेमकी, तितके दोन्ही आकडे एकदम वर.

आता याचा जंगलाशी संबंध बघू. खालचं गणित कुठल्याही एका कारखान्याचं नाही, समजण्यासाठी मी मांडलेलं आहे. तुम्ही कॅल्क्युलेटर उघडून तपासू शकता.

१०० टन बीएचक्यू घ्या, ३५ टक्के लोह. म्हणजे ३५ टन लोह. समजा फिल्टर चांगला आहे आणि ८० टक्के लोह वसूल होतं. २८ टन. ते ६५ टक्के शुद्धतेच्या मालात बसवलं तर माल झाला ४३ टन. उरलेला ५७ टन गाळ. आता समजा डिप्रेसंट ढिला आहे, शुद्धता तीच राखायला वसुली ६५ टक्क्यांवर आली. लोह आलं पावणेतेवीस टन, माल ३५ टन, गाळ ६५ टन, आणि त्या गाळात जवळपास १९ टक्के लोह वाया.

फरक १५ टक्क्यांचा, किरकोळ वाटतो. पण वर्षाला १ कोटी टन शुद्ध माल हवा असेल तर पहिल्या बाबतीत २ कोटी ३२ लाख टन दगड फोडावा लागेल, दुसऱ्यात २ कोटी ८६ लाख टन. म्हणजे तेवढ्याच लोखंडासाठी दरवर्षी जवळपास ५४ लाख टन दगड जास्त फोडायचा, दळायचा, आणि तेवढाच जास्त गाळ कुठेतरी साठवायचा. एवढ्या गाळाला जागा लागते, आणि तिथे जागा म्हणजे जंगल. ‘किती झाडं तोडणार’ हा प्रश्न विचारताना ‘वसुली किती टक्के धरलीय’ हाही प्रश्न विचारायला हवा, तो यासाठी.

खळ कुठे फसते

भारतातल्या बऱ्याच लोहखनिजाचं दुखणं गारेपेक्षा वेगळं आहे. झारखंड, ओडिशा, गोव्याच्या मालात माती आणि गिब्साइट येतं, म्हणजे ॲल्युमिना. ॲल्युमिनाच्या खनिजांवरही हायड्रॉक्सिल गट असतात. स्टार्चला ते हेमॅटाइटसारखेच वाटतात आणि तो त्यांनाही शाल पांघरतो. यादीत ओळखीचा चेहरा म्हणून भलताच माणूस आत! बीएचक्यूमध्ये मुख्य शत्रू गारच असल्याने तिथे स्टार्चचं काम तुलनेने सोपं आहे, पण वरच्या थरातला मातकट माल त्यात मिसळला की परत तेच.

दुसरी फसगत म्हणजे चिखल. दळताना काही कण इतके बारीक होतात की ते सगळी रसायनं एकटेच पिऊन टाकतात. म्हणून आधी हायड्रोसायक्लोन लावून ते काढून टाकतात. आमच्या भागातल्या शेतकऱ्यांना हे यंत्र नवीन नाही. ठिबकच्या फिल्टरजवळ, विहिरीच्या पाण्यातली वाळू काढायला जो उलटा नरसाळ्यासारखा लोखंडी डबा बसवतात, तोच तो, फक्त डझनावारी. तिसरी फसगत पाण्याची. पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम जास्त असेल तर ते गारेवरही स्टार्चला बसायला पाट मांडून देतात. कारखाना पाणी फिरवून फिरवून वापरतो तसे हे क्षार वाढत जातात. पाणी वाचवावं तर वसुली घसरते, वसुली वाचवावी तर नदीतून नवं पाणी उचला. हा झगडा रोजचा.

या ॲल्युमिनाच्या कोड्यावर बरंच मूलभूत काम पुण्यात झालंय, हे फार कमी लोकांना माहीत आहे. हडपसरच्या औद्योगिक वसाहतीत टाटांची टीआरडीडीसी ही संशोधन संस्था होती, १९८१ मध्ये सुरू झालेली. तिथे डॉ. प्रदीप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात ॲल्युमिनायुक्त लोहखनिजाच्या चिखलावर काम केलं, स्टार्चची तुलना दुसऱ्या पॉलिमरशी करून बघितली. पुढे डॉ. प्रदीप आणि डॉ. बीना राय यांनी आणखी मजेशीर गोष्ट केली. बाटल्यांमागून बाटल्या तपासण्याऐवजी खनिजाचा पृष्ठभाग आणि रसायनाचा रेणू दोन्ही कॉम्प्युटरवर मांडले, आणि कोणता रेणू कुठे घट्ट बसेल याचा हिशेब करून रसायन ‘डिझाइन’ करायचा मार्ग दाखवला. २००० च्या सुरुवातीला! आज आपण एआयने औषधाचा रेणू शोधला अशा बातम्या शेअर करतो, त्याच जातकुळीतलं हे काम. चुलत भाऊ म्हणा. आणि नागपूरला हिंगण्यात ब्युरो ऑफ माइन्सची खनिज प्रक्रियेची प्रयोगशाळा आणि छोटा प्रायोगिक कारखानाही आहे. म्हणजे दगड गडचिरोलीचा, परीक्षा नागपूरला आणि डोकं पुण्याचं, असा सगळा ऐवज राज्यातच आहे.

मग मक्याचा भाव वाढणार का?

कळवण, सटाणा, मालेगाव पट्ट्यातल्या वाचकांच्या मनात हा प्रश्न आला असेलच. कांद्याने रडवलं की मक्याकडे बघायचं ही आमच्याकडची रीत. पोल्ट्री आहे, इथेनॉल आहे, आता लोखंडही? तर हिशेब करू. स्टार्च लागतो टनाला साधारण अर्धा किलो. वरच्या उदाहरणातल्या २ कोटी ३२ लाख टन दगडाला वर्षाला ११ ते १२ हजार टन स्टार्च. मक्यातून दोन तृतीयांशाच्या आसपास स्टार्च निघतो असं धरलं तर सुमारे १८ हजार टन मका, म्हणजे १ लाख ८० हजार क्विंटल. ऐकायला मोठं वाटतं, पण राज्याचा मका लाखो टनांमध्ये मोजतात. त्यात ही चिमूट आहे. २०२५-२६ च्या खरिपासाठी मक्याचा हमीभाव क्विंटलला २,४०० रुपये ठरला होता. बाजारातला दर त्याच्या वर राहील की खाली, हे ठरवणार कोंबड्या आणि इथेनॉल, सुरजागड नव्हे. यूट्यूबवर कोणी ‘लोखंडामुळे मक्याला सोन्याचा भाव’ असं थंबनेल लावलं तर पुढे स्क्रोल करा.

हो, फायदा झालाच तर तो स्टार्च बनवणाऱ्याला. कोंब काढून, तेल काढून, ठरावीक प्रतीचा स्टार्च वेळेवर देणाऱ्याला. कच्चा मका विकणाऱ्याच्या हातात यातलं फारसं काही येत नाही. ही तक्रार जुनी आहे, तिला लोखंडाची गरज नाही.

वर गेलेल्या फेसाचं काय होतं

आतापर्यंत आपण खाली राहिलेल्या लोखंडाबद्दल बोललो. फेसाबरोबर गेलेली गार, तिच्या अंगावरचा अमाइन, आणि बारीक चिखल हे सगळं एकत्र येऊन गाळ होतं. स्टार्च अन्नासारखाच, कुजून जातो. कुजताना पाण्यातला प्राणवायू खातो एवढाच त्याचा दोष. अमाइन मात्र मासे आणि पाण्यातल्या जिवांना विषारी आहे. हळूहळू त्याचं विघटन होतं, पण तोवर पाणी ओढ्यात जाऊ न देणं ही जबाबदारी कारखान्याची. आणि गंमत नाही, अमाइन नेमका गारेवर बसतो, म्हणजे तो मालात नाही, गाळातच जातो.

या बाबतीत जगाचा धडा ब्राझीलमधून आला. तिथे आपल्या बीएचक्यूसारख्याच पट्टेरी दगडाला इटाबिराइट म्हणतात. समार्को कंपनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून तो दगड दळायची, फेसाने शुद्ध करायची आणि शेकडो किलोमीटरच्या पाइपलाइनने समुद्रकाठच्या पेलेट कारखान्यात पाठवायची. आराखडा ओळखीचा वाटतोय ना? ५ नोव्हेंबर २०१५ ला त्यांचं फुंदाव नावाचं गाळाचं धरण फुटलं. १९ माणसं गेली, एक गाव गाडलं गेलं, आणि लाल चिखल दोसे नदीतून ६०० किलोमीटरवर अटलांटिकपर्यंत पोचला. तज्ज्ञांच्या समितीने कारण शोधलं तेव्हा दोष खळीचा किंवा अमाइनचा निघाला नाही. धरण गाळावरच गाळ रचत उंच केलं होतं, बारीक चिखल जिथे असायला नको तिथे साठला होता, आणि एका क्षणी ओली वाळू दह्यासारखी पातळ होऊन वाहिली. २०१९ च्या जानेवारीत त्याच राज्यात ब्रुमाजिन्योला दुसरं धरण फुटलं, तेव्हा २७० माणसं गेली.

आपल्याकडेही उदाहरण आहे. कर्नाटकातलं कुद्रेमुख. पश्चिम घाटातल्या जंगलात खाण, लोखंडाचा चिखल ६७ किलोमीटरच्या पाइपने मंगळूर बंदराला, आणि गाळासाठी लख्या धरण. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ही खाण २००५ च्या अखेरीस बंद झाली. खाण गेली तरी गाळ तिथेच आहे. गाळाचं धरण हे पाण्याच्या धरणासारखं नसतं. चणकापूरचं धरण उन्हाळ्यात रिकामं करता येतं, गाळाचं करता येत नाही, कंपनी असो वा नसो.

यावर उपाय आहेत. गाळातलं पाणी दाबून काढून कोरडा गाळ रचायचा, म्हणजे फुटायला धरणच उरत नाही आणि पाणीही परत मिळतं. खर्च जास्त आहे, आणि गडचिरोलीच्या पावसात कोरडा ढीग कोरडा ठेवणं हे स्वतःच एक काम आहे. पण ५७ टन की ६५ टन, हा वरचा फरक इथे परत समोर येतो. चांगला डिप्रेसंट हा गाळ कमी करण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे, असं माझं मत झालंय. पाइपलाइनमुळे ट्रक कमी होतील, धूळ कमी होईल हेही खरं आहे. एटापल्ली-आलापल्ली रस्त्यावरच्या ट्रकांनी तिथले लोक किती वैतागले होते ते बातम्यांतून दिसत होतंच. पण पाइपमधून माल जातो. गाळ डोंगरापाशीच राहतो.

आणि तो डोंगर रिकामा नाही. सुरजागडवर माडिया लोकांचा ठाकूरदेव आहे, दर जानेवारीत तिथे यात्रा भरते. एटापल्ली तालुक्यातच तोडगट्ट्याला २०२३ मध्ये नव्या खाणींच्या विरोधात लोक महिनोन् महिने ठिय्या देऊन बसले होते. हा सगळा पाचव्या अनुसूचीचा भाग, पेसा लागू असलेला. आमचा कळवण तालुकाही त्याच यादीत आहे, त्यामुळे ग्रामसभेचा ठराव म्हणजे काय आणि तो कागदावर कसा ‘होतो’, हे इथल्या पोरांना वेगळं सांगायला नको. पण ग्रामसभेसमोर ‘प्रक्रिया प्रकल्प’ एवढाच शब्द ठेवला आणि गाळ किती, रसायन कोणतं, पाणी कुठलं हे माडियात किंवा निदान सोप्या मराठीत सांगितलंच नाही, तर त्या होकाराला किंवा नकाराला अर्थ काय?

हे तपासायला खनिज अभियंता असायची गरज नाही. पर्यावरण मंत्रालयाचं परिवेश पोर्टल मोबाईलवर उघडतं, थोडं रडत उघडतं पण उघडतं. प्रकल्पाचं नाव किंवा जिल्हा टाकून शोधा. पर्यावरण परिणामांचा अहवाल शेकडो पानांचा पीडीएफ असतो, तो पूर्ण वाचू नका. त्यात शोधायचे ते चार-पाच आकडे: मूळ दगडात लोह किती टक्के, शुद्ध मालात किती, वसुली किती, गाळ वर्षाला किती टन, आणि टनाला नवं पाणी किती घनमीटर. पहिल्या तीन आकड्यांवरून, आणि वर्षाला किती दगड दळणार हे बघून, चौथा तुम्ही स्वतः काढू शकता, वर काढला तसा. तुमचा आकडा आणि अहवालातला आकडा जुळत नसेल तर जनसुनावणीत विचारायला तुमच्याकडे नेमका प्रश्न तयार आहे. मग अहवालाच्या शोधचौकटीत इंग्रजीत स्टार्च आणि अमाइन हे शब्द टाका. फ्लोटेशन असेल तर रसायनांचा साठा, डोस आणि गाळाच्या पाण्याची तपासणी यांचा उल्लेख असायलाच हवा. आणि गाळाच्या धरणाचा नकाशा बघताना भिंत कोणत्या पद्धतीने उंच करणार हे वाचा. मंजुरी मिळाल्यावरही कंपनीला दर सहा महिन्यांनी अटींच्या पालनाचा अहवाल द्यावा लागतो, तोही सार्वजनिक असतो. तो सहसा कोणी उघडत नाही.